घ्यायला कोणी येईपर्यंत

पूर्णा स्टेशनातून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला बसप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान लागतं. गल्ल्यावर बहुतेक वेळा त्यांचा मुलगा शिवकांत असतो. गिऱ्हाईक आलं की तो उठतो, पातेलं दाखवतो, झाकण बसवून दाखवतो, आणि आहेराचं भांडं असेल तर मशीनने त्यावर नाव कोरून देतो. पूर्णेतल्या अर्ध्या घरांत त्याचं अक्षर पोचलेलं आहे. पण हाच शिवकांत 'सिंगल फेज' नावाच्या रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवतो आणि मोठ्या शहरातली पोरंपोरी त्यावर घामाघूम होईस्तोवर नाचतात, हे त्यातल्या एकाही घराला खरं वाटत नाही. शिवकांतला स्वतःला तरी वाटतं का, हे विचारलं तर तो पातेल्याचं झाकण पुन्हा एकदा बसवून बघतो.

बँडची सुरुवात परभणीच्या कॉलेजात झाली. योगीराज हा पेडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, गिटार वाजवायचा आणि ओरडायचा. सिद्धोधन हा पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधला, तो ड्रम वाजवायचा. शिवकांतच्या वाट्याला बास आला, कारण ते वाद्य कोणालाच नको होतं. तालमीची जागा म्हणजे योगीराजच्या शेतातली पत्र्याची खोली. तिथे मोटार चालेल एवढी वीज क्वचित यायची, पण सिंगल फेजवर एक दिवा आणि दोन स्पीकर कसेबसे चालायचे. नाव ठेवायला वेगळं डोकं चालवावं लागलं नाही.

ते जे वाजवत होते त्याला डान्स-पंक म्हणतात, हे त्यांना फार पुढे कोणीतरी सांगितलं. पंक म्हणजे रागावून वाजवायचं, आणि डान्स म्हणजे त्या रागावर लोकांनी नाचायचं. मराठवाड्यात रागावण्याजोगं पुष्कळ असल्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं होतं. गिटार खरवडल्यासारखी वाजायची, ड्रमच्या झांजा चुरचुरत राहायच्या आणि बास एकच ओळ धरून खिळा ठोकल्यासारखा चालायचा. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं 'डीपी जळाली'. त्यात एका ट्रान्सफॉर्मरची हकीकत होती आणि धृपदाला वीज कंपनीच्या साहेबाचं उत्तर: 'पाहू, पाहू, पाहू.' हे ओरडताना योगीराजच्या मानेच्या शिरा फुगायच्या. पेडगावची म्हातारी माणसं बांधावर उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, पोरगं बोलायलंय ते खरंच हाय, पण एवढं कामून ओरडायलंय.

शिवकांतची एक खोड होती. वाजतं वाद्य तो खाली ठेवायचा नाही. गाणं संपलं, बाकीचे दोघं थांबले, तरी तो आपली ओळ वाजवत उभा राहायचा. कोणीतरी येऊन बास हातात घेतला, की मग सोडायचा. हे आलं होतं सप्त्यातून. त्यांच्या आळीत दरवर्षी शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा अखंड वाजत राहते, तिला जमीन लागू द्यायची नाही आणि गप्प होऊ द्यायचं नाही. एकेका घराकडे दोन दोन तासांचे एक-दोन पहारे असतात. पुढचा माणूस हातपाय धुऊन येतो, 'शरणार्थ' म्हणून वाकतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, तेव्हा आधीचा मोकळा होतो. शिवकांत शाळेत असल्यापासून संध्याकाळच्या पहाऱ्याला उभा राहत आलेला. देवधर्माचं त्याला फार काही नव्हतं, पण हाताला सवय लागली ती लागलीच. मित्रांनी आधी चेष्टा केली, मग नाद सोडला. 'डीपी जळाली'च्या शेवटी ड्रम आणि गिटार थांबायचे, बास एकटा चालायचा आणि सिद्धोधन उठून तो शिवकांतच्या हातून घ्यायचा. बँडमध्ये ही रीतच पडून गेली.

मग पुण्याचं बोलावणं आलं. नव्या बँडांची एक संध्याकाळ होती. त्यातून एक बँड निवडून सहा शहरांच्या दौऱ्यावर न्यायचा होता. शिवकांतला ही निवड हवी होती, अगदी पोटातून हवी होती. कारण घरात ठरलं होतं की पुण्यात निवड झाली नाही तर गिटारचा विषय बंद, दुकान पूर्णवेळ, आणि उदगीरचं एक स्थळ कधीचं ताटकळत होतं तेही बघायचं. फक्त एवढंच की पुण्याची संध्याकाळ नेमकी सप्त्यातली, त्याच्या पहाऱ्याचीच निघाली.

"आप्पा, त्या दिवशी दुसरं कोनी उभं राहील का?" त्याने विचारलं.

बसप्पा पराती पुसत होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि हातात कायम फडकं, अशा अवतारात पूर्णेने त्यांना बघितलेलं आहे. "पहारा आपल्या घराचा हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याला कसं सांगावं?"

"मग मी काय करू?"

"तुला काय करायचं ते तू ठरवलंयस. मला नाहक कशाला विचारायलास?"

शिवकांतची आई नागुबाई मध्ये पडली आणि म्हणाली की पोराला जाऊ द्या, तुमचा गुडघा दुखतो तर जावयाला बोलवू. बसप्पांनी परात जागेवर ठेवली आणि ते काही बोलले नाहीत. शिवकांतने त्यांचं गप्प बसणं आपल्या सोयीने होकार समजून घेतलं आणि तो गाडीत बसला.

पुण्याच्या त्या हॉलमध्ये अंधार होता आणि उभी राहिलेली पोरं होती. पूर्णेची मुलं कपडे इस्त्री करून गेली होती. तिथे बाकीच्या बँडांनी मुद्दाम फाटके घातले होते. पहिल्या गाण्याला लोक नुसते बघत राहिले. दुसऱ्याला पाय हलू लागले. 'डीपी जळाली' सुरू झालं तेव्हा अख्खा हॉल, ज्याला डीपी म्हणजे फोनवरचा फोटो वाटत असावा, 'पाहू, पाहू' करत उड्या मारत होता. योगीराज गाता गाता खाली गर्दीत उतरला. गाणं संपलं, ड्रम थांबले, आणि सिद्धोधनलाही पोरांनी मंचाच्या कडेला ओढून फोटोसाठी उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासोबत कोणाला फोटो हवा होता, तो हरखून गेला आणि बास घ्यायचं विसरला.

शिवकांत वाजवत राहिला. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. कोणी येत नव्हतं. आत्ता पूर्णेत वीणा कोणाच्या गळ्यात असेल, हे मनात आलं आणि मग तर हात थांबेचनात. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. लोक आधी हसले, मग नाचायला लागले, मग कसलं तरी वारं अंगात आल्यासारखे नाचायला लागले. घाम डोळ्यांत जात होता, बोटं सोलली होती आणि तो घ्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघत होता. अखेर आवाज सांभाळणाऱ्याने कंटाळून बटण बंद केलं. तरी शिवकांतची बोटं आवाज नसलेल्या तारांवर थोडा वेळ चालतच राहिली.

त्या 'थांबायला नकार देणाऱ्या' शेवटासाठी सिंगल फेजची निवड झाली. शेंडी बांधलेल्या संयोजकाने शिवकांतला मिठी मारून सांगितलं की असा निर्दयी शेवट त्याने आजवर ऐकला नव्हता. दौऱ्यात प्रत्येक शहरात तो तसाच हवा, मात्र वाद्य घ्यायला कोणीही यायचं नाही, ही अट. एका ठिकाणी छापूनही आलं की शहरी माणसाच्या एकटेपणावर या बासवादकाने नेमकं बोट ठेवलं आहे. शहरी माणूस दोन दिवसांनी दुकानात बसून डब्यांवर नावं कोरत होता. गावचा पहारा चुकवून पळालेल्या माणसाला सहा शहरांत पहारा लागला होता, आणि तोही बदली न मिळणारा.

घरी आल्यावर धाकट्या बहिणीने, ईश्वरीने, त्याला बाजूला घेतलं. "दाजी आलेच न्हाईत," ती म्हणाली. "आप्पाच उभे राहिले. त्यांचा स्वतःचा पहारा झाल्यावर लगेच तुझा. कोनी घेतो म्हनलं तर देईनात. शिवकांत येईल, म्हनायचे. पुन्याला गेलाय हे सगळ्या आळीला ठावं, तरी तेच."

 शिवकांतला लाज वाटली, आणि तिच्या आत रागही आला, की हा माणूस भांडत का नाही एकदा मनसोक्त.

ईश्वरीने मग दुकानात आपल्या फोनवर पुण्याचा व्हिडिओ लावून बापासमोर धरला. शिवकांत आतल्या दारात उभा राहिला. आता निदान दोन शिव्या तरी मिळतील, असं त्याला वाटत होतं. बसप्पांनी चष्मा लावला आणि सगळं बघितलं. योगीराजचं ओरडणं बघितलं, उड्या बघितल्या, आणि एकटा उभा राहून वाजवणारा मुलगा शेवटपर्यंत बघितला. आवाज बंद झाला तरी ते बघत होते.

"कोनीच आलं न्हाई का घ्यायला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा."

"असं कसं," बसप्पा म्हणाले आणि चष्मा काढून आत गेले. त्या दिवशी ते दुकानात पुन्हा आले नाहीत.

दौरा सुरू झाला. मुंबईत, बंगळुरात, गोव्यात शिवकांत शेवटी एकटा उभा राहायचा, आणि कोणी येणार नाही हे पक्कं माहीत असल्यामुळे त्यात काही राम उरला नव्हता. दिवे विझले की तो बास स्टँडला लावायचा आणि मुकाट बिस्कीट खायचा. लोक मात्र शहरागणिक जास्त वेडे होत होते.

हैदराबादच्या आधी बसप्पांचा फोन आला. तांब्याच्या भांड्यांची चौकशी करायला हैदराबादला यायचंच होतं, म्हणाले. तांब्याची भांडी त्यांनी उभ्या आयुष्यात विकली नव्हती. हॉलमध्ये ते पांढऱ्या धोतरात, टोपी घालून, दाराजवळ पिशवी धरून उभे राहिले. काही पोरांना ते कार्यक्रमाचाच भाग वाटले आणि त्यांनी आदराने वाट दिली.

'डीपी जळाली' संपलं. सिद्धोधन आणि योगीराज अटीप्रमाणे आत गेले. शिवकांतची ओळ सुरू झाली, पोरं नाचायला लागली. तेवढ्यात बसप्पांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, तिथेच कोपऱ्यात हात धुतले, धोतराला पुसले आणि गुडघ्यावर हात टेकत मंचाच्या पायऱ्या चढले. संयोजक आतून हातवारे करायला लागला. बसप्पांनी तिकडे पाहिलं नाही.

"शरणार्थ," ते म्हणाले आणि मुलासमोर वाकले.

शिवकांतही वाकला. त्याने पट्टा गळ्यातून काढून बापाच्या गळ्यात घातला.  त्याला रडावंसं वाटत होतं आणि त्याहून जास्त खाली बसावंसं वाटत होतं. तो मागच्या स्पीकरवर जाऊन बसला. पुण्यापासून पहिल्यांदाच तो मोकळा झाला होता.

बसप्पांनी अंगठ्याने एक तार छेडली. सगळा हॉल हादरला. ते दचकले, टोपी सारखी केली आणि पुन्हा छेडली. वाद्य गप्प पडू द्यायचं नव्हतं ना. तीच एक तार, वीणेच्या संथ चालीत. नाचणारी पोरं क्षणभर गोंधळली, मग त्या चालीवरही डुलायला लागली. संयोजकाने कपाळाला हात लावला, आणि मग कोणीतरी व्हिडिओ काढतंय हे बघून तो हात खाली घेतला.

शिवकांत पाणी प्याला, त्याने तोंड पुसलं. समोर बाप ताठ उभा होता, वाजवत होता आणि मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. शिवकांतने ते पाहिलं. बाटलीतलं उरलेलं पाणी त्याने हातांवर घेतलं, हात शर्टाला पुसले आणि तो उठला.