ताई, पाय आणि गोराईची मगर

आमच्या शेजारच्या ताईइतकं बिनदिक्कत खोटं बोलणारं माणूस उभ्या मुलुंडमध्ये नव्हतं. लहानपणीच्या पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडलेला, काखेत कुबडी; त्यामुळे ओळख ना पाळख, रस्त्यात कोणीही तिला थांबवून 'पायाला काय झालं हो?' विचारायचं. एकच उत्तर ताईने कधी दोनदा दिलं नाही. भाजीवालीला सांगितलं, सर्कशीत झुल्यावरून पडले. बसमधल्या आजोबांना, गोराईच्या खाडीत मगरीने धरलं. "गोराईला मगर कुठली गं?" मी विचारलं, तर म्हणाली, "पाय विचारायला ज्यांना लाज नाही, त्यांना मगर चालते." टायपिंगला तिचा हात विजेसारखा चालायचा. एकदा मुलाखतीला गेली, तर साहेब कनवाळूपणे म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट नाही, तीन मजले चढताना तुमचे हाल होतील." "मग आत्ता काय मी खिडकीतून आले?" असं विचारून ती ते तीन मजले उतरली आणि घरी येऊन साहेबांची अशी नक्कल केली की आम्ही पोट धरून हसलो. दुसरी नोकरी बघतेस का, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

मी कॉलेजात असताना तिच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. त्या दुपारी आई ताईला आमच्याकडे घेऊन आली आणि माझ्या आईला हळूच म्हणाली, "हिला जरा बसू दे इथं. एकदा ठरलं की सांगू त्यांना." ताई आमचे मटार सोलत बसली. भिंतीपलीकडून कपबश्यांचे, हसण्याचे आवाज येत होते. इतक्यात पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई गॅलरीत आल्या, आमच्या दारात डोकावल्या आणि कुबडी बघून थबकल्या.

"पायाला काय झालं गं?"

मी नव्या गोष्टीसाठी कान टवकारले.

"पोलिओ," ताई म्हणाली.

"अरेरे. आणि ही शेजारची मुलगी कशी आहे गं स्वभावाने?"

"गुणी आहे हो. डोळे मिटून करा."

लग्न ठरलं. ठरल्यावर सांगायचं ते मात्र कोणीच सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये ताई आमच्याबरोबर, शेजाऱ्यांच्या पंगतीत बसली. तिची आई त्या बाजूला फिरकलीच नाही. नवरा-नवरी जिलेबीचा आग्रह करायला आली, तेव्हा बहीण ताईच्या पानावर वाकली ती वाकलीच राहिली.

"ह्या कोण?" जावयाने विचारलं.

बहीण ताईच्या पानातली जिलेबी सारखी करत राहिली. मला सगळं माहीत होतं. मीही पानाकडे बघत राहिले.

"मी ह्यांच्याकडची," माझ्या आईकडे बोट दाखवत ताईच म्हणाली, आणि दोघांना सुखाने नांदा म्हणाली. ती दोघं पुढच्या पानाकडे गेल्यावर तिने आपली जिलेबी उचलून माझ्या पानात ठेवली.

"खा तू," म्हणाली. "मला आज जाणार नाही."