अकोटच्या बाजारातला झाडांचा दवाखाना

अमरावतीत भातकुली रोडवर माझी रोपवाटिका आहे. गिऱ्हाईक येतं, पिशवीतून एक वाळकं पान काढतं, माझ्या नाकासमोर धरतं आणि विचारतं, "ताई, काय मारू याच्यावर?" उत्तर लगेच हवं असतं, कारण बाहेर मोटारसायकल चालूच असते. मग मीही लगेच सांगते. झाड जगलं तर गिऱ्हाईक आनंदानं येतं, मेलं तर दुसरं रोप न्यायला येतं. एकूण काय, येतं.

त्यामुळे रोपवाटिकावाले, बागा सांभाळणारे आणि कृषी केंद्रवाले यांच्यासाठी अकोल्याला झाडांच्या तब्येतीचं प्रशिक्षण आहे असं कळलं, तेव्हा मला काही फार उत्साह वाटला नाही. नवरा म्हणाला, "जाय ना. तेवढाच हवापालट." हवापालटासाठी अमरावतीहून अकोल्याला गेलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन.

वर्गात खुर्च्या मांडल्या होत्या, पण त्यांच्यावर बसायची वेळ फार आली नाही. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या पुण्याकडच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज बारीक, बूट चिखलानं माखलेले. पहिलंच वाक्य त्या बोलल्या, "मी फळ्यावर फारसं लिहिणार नाही. कपडे खराब होतील, तयारी ठेवा." मी नेमकी नवी कॉटनची साडी नेसून गेले होते.

त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला आले अकोटचे एक कृषी केंद्रवाले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि कंपनीच्या माणसांशी हिंदी, असा त्यांचा कारभार. सगळे त्यांना भाई म्हणत, मीही म्हणू लागले. ओळख होताच ते म्हणाले, "तुमी झाड विकता, मी दवाई विकतो. आता आजारी पडाले एक गिऱ्हाईक भेटलं की दुकान पूर्ण!"

पहिला धडा साधा दिसत होता. टेबलावर ताटात दहा-बारा पानं. फक्त जे दिसतं ते सांगायचं, रोगाचं नाव घ्यायचं नाही. भाईंनी पहिलं पान उचललं आणि बेधडक म्हणाले, "फुलकिडे."

मॅडम म्हणाल्या, "दिसले का तुम्हाला?"

"दिसले नाईत. पण असतेत."

"मग दिसतंय तेवढंच सांगा."

भाई पानाकडे बघत राहिले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. शेवटी म्हणाले, "पान होय."

सगळा वर्ग हसला. मी जरा जास्तच हसले, म्हणून पुढचं पान मॅडमनी माझ्या हातात दिलं. मी लोह कमी पडल्याचं निदान ठोकून दिलं. मग मलाही पानाकडे नुसतं पान म्हणून बघावं लागलं: पिवळं आहे, पण शिरा हिरव्या आहेत; कोवळं पान आहे, जून नाही; खालच्या बाजूला काही नाही. एवढं बोलायला मला अख्खं मिनिट लागलं. माझी जीभ माझ्या डोळ्यांच्या पुढे धावते, हे मला तिथं कळलं. नवऱ्याला विचारलं असतं तर त्यानं आधीच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका संत्र्याच्या झाडाजवळ गुडघ्यावर बसून मुळं उकरली. मॅडमनी बादलीत मुळं धुवायला लावली आणि म्हणाल्या, "आता चिमटीत धरून ओढा." चांगलं मूळ ओढलं की काहीच होत नव्हतं. कुजलेलं ओढलं की त्याची साल बाहीसारखी निघून हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. इतकी संत्र्याची कलमं माझ्या हातांनी बांधली, पण मोठ्या झाडाचं आजारी मूळ असं हातात धरून कधी पाहिलं नव्हतं. वरून झाड बऱ्यापैकी हिरवं होतं, खाली जमिनीत ही अवस्था. मी बराच वेळ तो दोरा बोटावर गुंडाळत बसले.

तिथंच भाईंची आणि माझी जुंपली. ते म्हणत होते मुळाशी औषध ओतावं लागेल, मी म्हणत होते आधी पाणी कमी करावं लागेल. आवाज चढले. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते आम्हाला कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं चालू द्या. झाडाला काही विचारायचं असेल तर नंतर विचारा."

भाई हळूच म्हणाले, "पुण्याचे लोक गोड बोलून मारतेत."

मग मोरचूद आणि चुना कालवून बुरशीवरचं निळं बोर्डो मिश्रण करायला शिकलो. भाईंनी मोरचुदाची पाकिटं आयुष्यभर विकलेली, पण हातानं ते कधी कालवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा पांढरा शर्ट आकाशी ठिपक्यांचा झाला. "घरी गेल्यावर बायको इचारीन, कोणती होळी खेळून आले?" असं म्हणत ते उत्साहानं बादली ढवळत होते. तेव्हापासून आमचं पटायला लागलं.

शेवटचा दिवस परीक्षेचा. परीक्षा म्हणजे अकोटच्या आठवडी बाजारात मांडव टाकून झाडांचा दवाखाना लावायचा. येईल त्याचं झाड तपासायचं, आणि औषधाचं नाव अगदी शेवटी घ्यायचं, तेही लागलं तरच. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून कापूस उडत होता आणि आमच्या टेबलावर येऊन बसत होता. भिंगातून पाहिलं की प्रत्येक पानावर पांढरी बुरशी आल्यासारखं वाटायचं.

पहिली दोन माणसं बियाणं विकत मिळतं का ते विचारून गेली. एका बाबांनी गुडघा दाखवला. एक बाई मोबाइलवर कढीपत्त्याच्या झाडाचा फोटो घेऊन आली, पण फोटोत झाडापुढे तिचा नातू उभा होता आणि नातवाची तब्येत उत्तम होती. एसटीचा एक कंडक्टर धावत आला, "गुलाबाले कळ्या येतेत अन् गळतेत, लवकर सांगा, गाडी सुटून राहिली," म्हणाला. भाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "पाणी कोण टाकते?" तो म्हणाला, "मीच. जवा ड्युटी नसते तवा." आणि स्वतःच कपाळावर हात मारून गाडीकडे पळाला. आमचा पहिला रोगी असा चालता चालता बरा झाला.

दुपारकडे एक जोडपं आलं. गुरुजी निवृत्त शिक्षक, हातात छत्री. त्यांच्या मागून काकू, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लिंबाची फांदी, जणू तान्हं मूल. भांडण घरूनच सुरू करून आले होते.

"मी सांगून राहिलो, तोडून टाका," गुरुजी म्हणाले. "दोन वर्षं झाली, नुसतं पिवळं पडून राहिलं. सारं अंगण अडवलं. पण ही आयकते का?"

"तोडाले काय लागते?" काकू म्हणाल्या. "लावाले लागते."

फांदीवरची पानं लहान, पिवळट, टोकाकडची वाळलेली. भिंगातून कीड दिसेना. भाईंचा उजवा हात सवयीनं मागं गेला, दुकानात जिथं बाटल्यांची मांडणी असते तिथं. मागं फक्त मांडवाचा बांबू होता. त्यांनी हात परत आणला आणि म्हणाले, "काकू, घर जवळ हाये का? झाड पायल्याशिवाय काई सांगता येणार नाई."

घर बाजाराच्या मागच्याच गल्लीत होतं. मॅडमही आमच्याबरोबर आल्या, पण अंगणाच्या दाराशीच थांबल्या. त्यांनी ठरवूनच तोंड मिटलं होतं.

झाड चांगलं मोठं. त्याच्या बुंध्याला जाईचा वेल इतका दाट लपेटलेला, की खोड दिसतच नव्हतं. आम्ही जागा पाहिली. पाणी तुंबत नव्हतं. माती उकरून मूळ ओढून पाहिलं, साल निघाली नाही. भाई जमिनीशी बसले होते, मी उभी होते. मग भाईंनी वेल बाजूला धरला आणि मी आत हात घालून बुंधा चाचपू लागले. कलम बांधणाऱ्याच्या बोटांना सालीची सवय असते. खालून वर जाताना एके ठिकाणी साल अचानक फुगली, कड्यासारखी. तिच्या खाली खाच. खाचेत बोट घातलं तर आत गार, कडक काहीतरी लागलं.

"भाई," मी म्हटलं, "तार हाये."

त्यांनी वाकून पाहिलं. लोखंडी तार खोडाभोवती आवळली होती आणि झाड वाढत गेलं तशी सालीत रुतत गेली होती. वरची पानं जे अन्न तयार करत त्याची खाली मुळांपर्यंत पोचायची वाटच तिनं आवळून धरली होती. हे आम्हाला दोघांनाही एकदमच समजलं, आणि त्याच्या पुढचंही समजलं. भाई उठले. त्यांनी हात झटकले आणि अगदी साधेपणानं विचारलं, "काकू, हा वेल कोणं चढवला?"

"मीच. माह्या माहेरची जाई होय. उभी राहीना, म्हून बांधली."

"कायनं बांधली?"

"तार—" काकू म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांची नजर वेलात गेलेल्या माझ्या हातावर आली. मी हात बाहेर काढला. बाजारातला लाऊडस्पीकर तेवढा ऐकू येत होता, कुणीतरी चादरी विकत होतं.

"म्हंजे मीच याचा गळा आवळला म्हणा ना," काकू म्हणाल्या. त्या बाजेवर बसल्या. मघाचा सगळा जोर कुठं गेला कळेना.

भाई त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "काकू, तुमी बांधली तवा झाड लेकरू होतं. थे वाढलं, तार नाई वाढली. यात गुन्हा कोनाचा?"

मला धास्ती गुरुजींची होती. दोन वर्षांच्या भांडणाचा असा आयता निकाल हातात आल्यावर कोण सोडतो? ते छत्री टेकून झाडाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "तार मीच आणून देल्ती. ही नाडीनं बांधतो म्हणत होती. मीच म्हटलं, नाडी सडते, तार पक्की राह्यते."

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "होय का? मले तर आठवत नाई."

"मले आठवते," गुरुजी म्हणाले.

त्यांच्यात काय होतं नि काय नव्हतं, मला माहीत नाही. पण त्यानंतर 'तोडून टाका' हे शब्द त्या अंगणात निघाले नाहीत. गुरुजी घरातून पक्कड घेऊन आले. एका बाजूची तार सहज निघाली, दुसऱ्या बाजूची झाडानं पुरती गिळली होती. भाई जोर लावायला लागले तेव्हा मॅडम पहिल्यांदा बोलल्या, "ओढू नका. साल फाटेल. दोन्ही टोकं कापा आणि आत राहिलीय ती राहू दे."

मी मेलेली साल चाकूनं साफ केली, भाईंनी त्या जागेला निळा लेप दिला. या वेळी त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. काकूंनी जाईचा वेल हळूहळू सोडवून घेतला, आणि गुरुजी भिंतीत त्याच्यासाठी खिळे ठोकू लागले. एक वाकडा, एक सरळ. काकू खालून सांगत होत्या, "डावीकडे. अजून डावीकडे. इतकी वर्षं शाळेत पोराईले डावं-उजवं कसं शिकवलं तुमी?" त्यांचा आवाज परत आला होता, ते ऐकून बरं वाटलं.

निघताना काकूंनी मॅडमना विचारलं, "जगीन का?"

"खात्रीनं नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "एक बाजू कदाचित जाईल. वाट बघावी लागेल."

मांडवाजवळ परत आल्यावर भाई म्हणाले, "ताई, दुकानात असतो तर तीन बाटल्या देल्या असत्या. तिन्ही महाग." मग लगेच हसून, "अन् काकूंनं तिन्ही मारल्या असत्या. झाडावर नाई, माह्या डोक्यावर!"

मी अमरावतीला परतले आणि कामाला लागले. आता पान नाकासमोर आलं की मी आधी विचारते, झाड कुठं लावलंय. काही गिऱ्हाइकं वैतागतात. एकानं तर विचारलं, "ताई, तुमाले औषध माईत नाई का?" भाई अधूनमधून त्या लिंबाचे फोटो पाठवत. अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा असायचा. उन्हाळ्यात डावीकडचा भाग पार वाळला, तो कापावा लागला. पण उजवीकडे पालवी फुटली, आणि पुढच्या हंगामात थोडी लिंबंही लागली. झाड आता एका कुशीवर झोपल्यासारखं दिसतं.

मग एक दिवस काकूंचाच फोन आला. अजून एक लिंबाचं रोप हवं होतं. मी ते मांडीवर घेऊन दर्यापूरवरून एसटीनं अकोटला गेले. भाई आधीच येऊन चहा पीत बसले होते, आणि अंगणात नवं भांडण रंगात आलं होतं. काकूंना रोप स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हवं होतं, गुरुजींना फाटकाजवळ.

"तुमी सांगा ताई," दोघंही मला म्हणाले.

मी कुणाचीच बाजू न घेता अंगणात ऊन कुठं पडतं ते पाहत फिरले. भाई मागून कप घेऊन फिरले. कोपऱ्यातल्या विहिरीच्या जरा अलीकडे, जिथं सकाळपासून ऊन येत होतं आणि कुणाच्या पायात येणार नव्हतं, तिथं मी टाच टेकवली. गुरुजींनी टिकाव घेतला.

"इथंच तर मी मघापासून सांगून राहिलो होतो," ते म्हणाले.

"तुमी कुठी? मी सांगून राहिली होती," काकू म्हणाल्या आणि माती बाजूला ओढायला बसल्या.