वेलीची उलटी बाजू

माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे धाकटे भाऊ, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवीत आले. शिक्षण आठवीपर्यंत, अक्षर मात्र असे, की रस्त्याने जाणाऱ्याने थांबावे. शिडीवर चढणे बंद झाले तेव्हा त्यांनी तांब्याचा पत्रा हाती घेतला.

मी घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडतो. त्याच्या पेटीची दर्शनी पट्टी, जिच्यातून बटणे आणि दिवा बाहेर येतात, ती मेहुणे करून देतात. पत्र्यावर लाखेने वेल काढायची, पाठीला चिकटपट्टी लावायची आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. उघडे तांबे झिजते, वेल उठून दिसते. माझी सर्किटेही मी याच द्रावणात कोरतो. माझी कोरणी पेटीच्या पोटात गडप होते. त्यांची दिवाणखान्यात मिरवते.

“काय सुरेख आहे हो,” पाहुणे म्हणतात. आवाज ऐकण्याआधीच म्हणतात.

“धाकट्याच्या हातात जादू आहे,” ही पत्नीची पुष्टी. माझ्या हातांवरचे तिला फक्त डाग दिसतात.

गेल्या वर्षी आमच्या हौशी मंडळाचे प्रदर्शन होते. नव्या संचातील बारीकशी गुणगुण घालवण्यात माझे दोन महिने गेले होते. या वेळी तरी लोकांनी आधी माझे काम पाहावे, एवढीच माझी इच्छा होती.

छिद्रांचा नकाशा मी दिला. जोडणी सोपी जावी म्हणून तो मी पेटीच्या मागून पाहिल्यासारखा काढतो आणि कोपऱ्यात ‘मागून पाहताना’ अशी टीप लिहितो. सदतीस वर्षे आरेखक म्हणून नोकरी केली. टीप राहिली असे कधी घडले नाही. या वेळी पेन कागदावर टेकवले आणि उचलून घेतले.

आठ दिवसांनी मेहुणे पट्टी घेऊन आले. वेल अप्रतिम होती. आवाजाचे बटण मात्र उजवीकडे हवे ते डावीकडे गेले होते.

“अगं बाई, सगळी मेहनत वाया,” पत्नी म्हणाली. “आता रे?”

“ताई, चहा टाक. तांबं काही रडत नाही.”

त्यांनी पत्रा उलटा केला. छिद्रे आपोआप आपापल्या जागी आली. चिकटपट्टीखालची पाठ कोरी होती. ती त्यांनी शेगडीवर इतकी हळू तापवली, की तांब्यावर जांभळ्या आणि केशरी छटा उमटल्या.

प्रदर्शनात त्या कोऱ्या पट्टीपुढे गर्दी हटेना. “एवढा साधेपणा जमायला धाडस लागतं,” मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. गुणगुण नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

परतताना मला राहवले नाही. “टीप लिहायची राहिली माझी.”

“भाऊजी, तुमची टीप राहत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “भोकं पाडल्यावर आलं ध्यानात. ताईला नाही सांगितलं.”

मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

“पुढचा नकाशा कधी देताय?”

तो मी अजून दिलेला नाही. फ्यूज बदलण्यासाठी झाकण काढतो, तेव्हा आतल्या बाजूला ती वेल दिसते: पानन् पान रेखीव, एकाही टोकाला चूक नाही. ती चांगली आहे हे मला मान्य करावे लागते, आणि तेच मला सहन होत नाही.