देवीचा उजवा खांदा

हसायचं असेल तर कपबशी आधी खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला आणि नेमका माझ्या इस्त्रीच्या साडीवर सांडला. फजिती माझी, हसणार तुम्ही, आणि साडी धुवायची पुन्हा मीच!

तर फजिती. साधीसुधी नाही हं. भर देवळात, अख्ख्या गावासमोर, देवीच्या पुढ्यात. आणि कुणाची? माझी! जालन्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या मुलीची. जी रोज सकाळी घर डोक्यावर घ्यायची, "फूल पडतं ते गुरुत्वाकर्षणानं! देवी नाही पाडत!"

आमचं गाव भोकरदनकडचं. पिंपळगावची रेणुकाई थोरली आणि आमच्या गावातली तिची धाकटी बहीण, असं सगळे म्हणतात. देऊळ एवढंसं, पण धाकटीचा रुबाब थोरलीपेक्षा जास्त. म्हैस विकायचीय? मायला विचारा. सोयरीक जुळवायचीय? मायला विचारा. विचारायचं कसं, तर शेंदूर लावलेल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि हात जोडून बसायचं. उजवं आधी पडलं की होकार, डावं पडलं की नकार. झाला कौल!

लहानपणी मी असे कौल पुष्कळ पाहिले. पाहिले कसले, ऐकले! पुढं बायकांचा घोळका, मला दिसायचे नुसते पदर. "उजवं पडलं, उजवं पडलं!" असा गलका झाला की मागून मीही टाळ्या पिटायची. पुढं शिकायला जालन्याला गेले आणि देवळाची पायरीच सोडली. हे जरा ध्यानात ठेवा. माझ्या बचावाचा एवढाच मुद्दा आहे.

घरात आम्ही तिघं. माझे वडील, म्हणजे दादा, गावचे शिंपी. बेलबॉटम शिवून मागणाऱ्या पोरांवर रोज खेकसायचे आणि रोज शिवूनही द्यायचे. दुसरी आक्का, दादांची थोरली बहीण. माझी आई मी रांगत असताना गेली, तेव्हा नुकतीच विधवा झालेली आक्का आमच्याकडं आली आणि मला तिनंच वाढवलं. तिसरी मी, शकू. माझी ओळख दादा गिऱ्हाइकांना अशी करून द्यायचे, "ही आमची शकू. हिनंच हेडमास्तरच्या सदऱ्याला उजवीकडं खिसा लावल्ता." मी तेव्हा सातवीत होते हो! पण दादा काही विसरले नाहीत. हेडमास्तरही विसरले नाहीत.

बी.एस्सी. झाल्यावर मला औरंगाबादला बी.एड. करायचं होतं. प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागा मिळाली. अडलं कुठं? दादांपाशी.

"शिकली ते बराबर केलं," दादा मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणाले. "पण औरंगाबादला एकटी? मला काई सुधरंना. मायला इचारू. तिनं हो म्हणलं तर जा."

"दादा! माझं सगळं आयुष्य एका कण्हेरीच्या फुलावर?"

"मंग काय माझ्या कात्रीवर ठिवू?"

"माझ्यावर ठेवा की!"

"तुझ्यावर ठिवून हेडमास्तरचा सदरा गेला."

मी आक्काकडं पाहिलं. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. एक शब्द बोलली नाही. एरवी म्हशीच्या आजारपणावरसुद्धा तासभर बोलणारी बाई, आणि आता गप्प! मी काय समजायचं ते समजले. आदल्या दिवशीच ती पुटपुटली होती, "तू गेल्यावर ह्या घरात बोलायला मशीनच राह्यली." म्हणजे आक्काला मी जायला नकोच होते. झालं! म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याचं भलं कधी बघवलंय?

मंगळवारी कौल ठरला. निम्मं गाव जमलं. गाव कशाला जमतं म्हणता? आमच्याकडं त्या वर्षी सिनेमाचा तंबू आला नव्हता, म्हणून.

आमच्याकडं रीत अशी, की ज्याचा कौल त्यानंच फुलं लावायची. मी आत गाभाऱ्यात गेले. सोपानकाका गुरव घंटेपाशी उभे राहिले. आक्कानं पितळेचं ताट माझ्या हातात दिलं. त्यात दोन कण्हेरीची फुलं, एक ताटाच्या या कडेला, एक त्या कडेला.

"जशी हायेत तशीच लाव," आक्का हळूच म्हणाली. "ह्या हाताचं ह्या खांद्याला, त्या हाताचं त्या खांद्याला. बिलकुल बदलू नको."

बदलू नको? हे सांगायची काय गरज? मी ताटात वाकून पाहिलं आणि मला दिसली मुंगी. माझ्या उजव्या हाताकडच्या फुलावर एक मुंगी मोठ्या मजेत चढत होती. मी फूल बोटात धरलं, तर ते बोट सोडीना. गूळ! देठाला चांगला दाबून गूळ लावलेला! आणि डाव्या हाताकडचं फूल? तेलानं गुळगुळीत, हातात ठरेना.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळं गणित डोळ्यांपुढं आलं. उजव्या फुलाला गूळ, म्हणजे उजवं पडणारच नाही. डाव्याला तेल, म्हणजे डावं झर्रकन खाली. म्हणजे नकार! माझ्याच आक्कानं, जिच्या मांडीवर मी वाढले तिनं, देवीच्या दारात मला फसवायचा घाट घातला होता!

देवीकडं पाहिलं. शेंदूर चढून चढून तिचे नाकडोळे गोल झालेले, तरी ती माझ्याकडंच बघतेय असं वाटलं. खरं सांगते, मनात आलं, "हे बघ, मी तुला मानत नाही. पण असलीस, तर निदान आज तरी माझ्या बाजूनं हो." म्हणजे बघा, न मानणारीसुद्धा खूण मागायची सोडत नाही!

मग वाटलं, देवीच्या भरवशावर कशाला राहायचं? पदार्थविज्ञान आहे की! मी पाठ अशी केली की मागच्या कुणाला दिसू नये, आणि फुलांची अदलाबदल केली. तेलाचं फूल माझ्या उजव्या हाताला, गुळाचं डाव्या. मुंगीसकट.

"लाव गं जल्दी," दादा मागून म्हणाले.

लावली. सोपानकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "माय, लेकरू परगावी शिकायला जाऊ म्हणतं. जावं का ऱ्हावं, तूच सांग." घंटा झाली. तेलाचं फूल हळूहळू घसरायला लागलं. थोडं थांबलं. आणि टप!

"उजवं!" मी किंचाळलेच. "उजवं पडलं! होकार! होकार!"

मी टाळ्या वाजवल्या. घंटा वाजवली. सोपानकाकांच्या पाया पडले, देवीच्याही पडले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वळून विजयी मुद्रेनं आक्काकडं पाहिलं. आक्काचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बघा, चोरी पकडली गेली!

पण गाव टाळ्या का वाजवत नव्हतं?

सोपानकाकांनी घसा खाकरला. "शकूबाई, मायचं तोंड कुणीकडं हाय?"

"माझ्याकडं."

"मंग तिचा उजवा हात कोन्ता?"

मी देवीकडं पाहिलं. माझा उजवा हात पाहिला. परत देवीकडं पाहिलं. आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. कौल देवीचा, तर उजवंही देवीचंच धरणार ना! मी जिला उजवी बाजू म्हणून नाचत होते ती तिची डावी होती.

मागून दादांचा थंड आवाज आला. "हेडमास्तरचा खिसा."

मग मात्र गाव हसलं. असं हसलं, की सिनेमाचा तंबू आला असता तरी इतकी करमणूक झाली नसती. मी तशीच वळले आणि घरी पळत सुटले.

आक्का मागून आली. मी चुलीपाशी बसून रडत होते आणि रडता रडता भांडत होते. "तूच केलंस हे! मला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून फुलाला गूळ लावलास!"

"लावला," आक्का म्हणाली. "मंग?"

"मंग काय मंग? देवाधर्माचं एवढं करतेस आणि कौलात लबाडी?"

"अगं येडे, गूळ मायच्या डाव्या खांद्याला जाणार होता! डावं पडू नये म्हणून! अन उजव्याला तेल लावल्तं, ते पटकन पडावं म्हणून. तुझा बाप कौलाशिवाय ऐकत न्हाई, म्हणून केलं सारं. जशी हायेत तशी लाव म्हणलं होतं का न्हाई? तू काय केलंस?"

माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं. "मी… मी बदलली फुलं."

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं कपाळाला हात लावला आणि पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी. मी हसू का रडू? दोन्ही केलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "पण आक्का, तू तर देवीला मानतेस. मग तिच्यावरच सोडायचं ना?"

ती चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली. "तुझ्या आतोबांच्या दुखण्यात मी कौल लावल्ता. उजवं पडल्तं. तवा कुणी गूळबीळ लावला नव्हता." एवढं बोलून ती जरा थांबली. "तरी गेले."

मी तिच्याजवळ सरकले.

"लई वर्सं मायशी बोलले न्हाई मी. मंग वाटलं, तिला तरी काय दोष द्यावा? तिचे हात दगडाचे. आपले मोकळे हायेत. तवापासून इचारते तिला, पन जमंल तेवढं आपल्या हातानं बी करते."

सांगते तुम्हाला, कॉलेजात इतकी व्याख्यानं ऐकली, श्रद्धा आणि विज्ञान म्हणून वादविवाद स्पर्धेत बक्षीसही घेतलं. पण हे वाक्य कुठल्याच व्याख्यानात नव्हतं.

"पण आता काय? कौल तर नकाराचा आला!"

"बघते," म्हणत आक्कानं पदर खोचला.

संध्याकाळी दादा दुकानातून आले, तोच ती म्हणाली, "मायचा कौल ध्यानात आला का तुझ्या?"

"नकार हाय. सगळ्या गावानं पाह्यलं."

"काय पाह्यलं? पंधरा वर्सं शाळा कॉलेज शिकून पोरीला उजवं डावं कळंना, हे पाह्यलं. मायनं भर देवळात दाखवून दिलं. ही पोरगी कच्ची हाय, आनखी शिकवा, असंच म्हणून राह्यली माय! अशी घरात ठिवून काय करतो? उद्या सासरी जाऊन कुनाकुनाच्या सदऱ्याला कुठं कुठं खिसे लावंल!"

"आक्का!" मी ओरडले. "मी फर्स्ट क्लास आहे!"

"तू गप ऱ्हा. तुला जायचं का न्हाई?"

मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा.

दादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. मशीनवरच्या अर्धवट सदऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "हे मात्र बराबर हाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "कच्ची तर हाय."

अशी मी औरंगाबादला शिकायला निघाले. हुशार म्हणून नाही हो! देवीनं ढ ठरवलं म्हणून!

निघायच्या दिवशी भोकरदनच्या स्टँडवर गाडी आमच्याकडं तोंड करून उभी होती. दादा माझी ट्रंक टपावर चढवून घेत होते. आक्का म्हणाली, "चढ. उजवीकडच्या खिडकीत बस. मी तिथं खाली उभी ऱ्हाते."

आता मी काही पूर्वीची शकू नव्हते! आक्काचं उजवं म्हणजे कुणाचं उजवं, हे मला पुरतं कळलं होतं. गाडीचं तोंड आपल्याकडं, तर गाडीचंच उजवं धरायचं. आत जाऊन मोठ्या आत्मविश्वासानं गाडीच्या उजव्या खिडकीत बसले आणि हात बाहेर काढून हलवला. खाली एक अनोळखी म्हातारी शेळी घेऊन उभी होती. बिचारीनं आपलाही हात हलवला.

तेवढ्यात पलीकडून आवाज, "शकूऽऽ! अगं तिकडं कुठं? खाली उभी होतीस तवाचं तुझं उजवं सांगितल्तं मी! तुला आपलंच तेवढं कळतं म्हणून!"

घंटी वाजली. मी दोन मांड्यांवरून, एका कोंबडीच्या टोपलीवरून आणि कंडक्टरच्या पायावरून पलीकडची खिडकी गाठली. गाडी हलली होती. आक्का तिच्याबरोबर धावत होती. धावता धावता तिनं माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं, आणि मग ती मागं मागं लहान होत गेली. एवढीशी झाली तरी तिचा हात वर होता.

मूठ उघडली. गुळाचा खडा होता.

खाल्ला नाही मी तो. तसाच धरून बसले. औरंगाबाद येईपर्यंत माझी बोटं चिकट होती. आता कोणत्या हाताची, ते मात्र मला विचारू नका!