एका बोटावर उचलायची सायकल

शनिवारी सकाळी सायकल मारून झाली की आम्ही ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वँगरॅटा गावच्या बेकरीसमोर थांबतो. सायकली काचेला टेकवायच्या, कॉफी मागवायची आणि मग एकमेकांची सायकल एका बोटाने उचलून बघायची. सगळे साठीचे, पोटं सुटलेले. पण सायकल पावभर हलकी होणार असेल तर काय वाटेल ते विकत घेऊ.

या खुळात रॉस पर्सेल सगळ्यांचा बाप. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेला साधा माणूस. पूर्वी त्याची एकच लोखंडी सायकल होती आणि बायकोची, नोलीनची, तशीच दुसरी. कॅरिअरला डबा आणि थर्मास बांधून दोघं नदीकाठी फिरायची. मग रॉस आमच्यात यायला लागला आणि एका चढावर मागे पडला. नाचता येईना अंगण वाकडं! आधी चाकं बदलली, मग सीट, मग अख्खी सायकलच, हलक्या कार्बनची. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेचं पोटही भरत नाही, हे कुणी सांगत नाही.

नोलीनचं मागणं एकच होतं. बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेनं दोघांनी ब्राइट गावापर्यंत जायचं, एप्रिलमध्ये, इथल्या पानगळीत पानं लाल झाली की. एकदा बेकरीसमोरच तिनं विषय काढला.

"या वर्षी तरी जाऊ या ना रे."

"जाऊ गं. नवी चाकं येऊ देत. तुझ्यासाठीही हलकी सायकल बघतोय."

"मला कशाला? आणि तुझ्या हिच्यावर थर्मास कुठे बांधायचा?"

"अगं, कार्बनची आहे ती! थर्मास कसला बांधतेस?"

"मग चहाही कार्बनचाच पी!"

आम्ही पोट धरून हसलो. रॉससुद्धा हसला. तो एप्रिल गेला, पुढचाही गेला. दर वेळी रॉसच्या सायकलचा कुठला तरी भाग यायचा राहिलेला असायचा.

मग नोलीनला कर्करोग निघाला. यंदाच्या एप्रिलमध्ये मी भेटायला गेलो, तेव्हा रॉस तिच्या पलंगाशी बसून गयावया करत होता.

"गाडीनं नेतो तुला ब्राइटला. आत्ता निघू."

"गाडीनं नको रे. गाडीनं कितीदा गेलोय. मला हळूहळू जायचं होतं." मग म्हणाली, "खिडकीशी बसव मला."

रॉसनं तिला उचललं आणि तसाच खोलीच्या मध्ये उभा राहिला.

"हिला वजनच नाही रे," तो मला म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

ती मे महिन्यात गेली. बऱ्याच शनिवारांनी रॉस पुन्हा बेकरीवर आला. आमच्यातल्या ट्रेव्हरनं सवयीनं त्याची सायकल बोटावर उचलली.

"काय म्हाताऱ्या, आणखी हलकी केलीस की!"

रॉस उठला. कॉफी तशीच टाकून, सायकल तिथंच ठेवून तो पायी घरी गेला.

संध्याकाळी मी ती त्याच्या घरी नेली. त्यानं दार उघडलं नाही.

"घेऊन जा ती. कुणालाही दे," आतून म्हणाला.

ओसरीत नोलीनची लोखंडी सायकल उभी होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली. कॅरिअरला थर्मास बांधायचा पट्टा मात्र नवाकोरा होता. त्या घरात सायकलीसाठी तिनं केलेली तेवढीच खरेदी.