डोंग्याची भेग

समोरच्या घरी दारांना वार्निश मारून राहिले होते. तो वास नाकात गेला आन् मी मनानं रामटेकच्या तलावावर पोचलो.

मी चौथी शिकलेला सुतार. शिडाचा लहान डोंगा मी एकट्यानं बांधला होता. दर रविवारी नागपुराहून जाऊन त्याले घासायचो, डांबर भरायचो, वार्निश मारायचो. यातच दिवस जाते, पाण्यात कधी घालू, असं सगळ्यायले ऐकवायचो.

एका रविवारी बायको, शांता, नवं लुगडं नेसून सोबत आली. तिचा भाऊही होता. हवा चांगली सुटली होती. ती म्हणाली, "आज बसवता का मले?"

मी वाकलो, डोंग्याच्या बुडावर एका बारीक रेघेवर बोट ठेवलं. "भेग हाय. आज नाही जमत."

साळा हसला. "भाऊजी, डोंगा हाय का देव? नुसती पूजाच करून राहिले."

"तुले काय समजते गा लाकडातलं?" मी खेकसलो.

शांतानं काठावर भाकरीचं गाठोडं सोडलं. दुसऱ्यायचे डोंगे पाहत जेवली.

ती रेघ वार्निशच्या ओघळाची होती. मले डोंगा बांधता येत होता, शीड सांभाळता येत नव्हतं. मासे धरणाऱ्या ढिवरानं चार दिवसांत शिकवलं असतं. पण ज्यानं डोंगा बांधला त्यानं दुसऱ्याले विचारायचं कसं? पुढं मी तो विकूनच टाकला.

आता शांताचे गुडघे गेले. पाहुणे आले की ती अजून सांगते, "यायनं लय जीव लावून बांधला होता बापा, भेगच पडली त्याले." खरं सांगायले मले अजून तोंड झालं नाही.