दिवाळीला किल्ल्या ठेवून जाणारी माणसं

ऐक गं शकू, आज मीच फोन केलाय, जरा निवांत बस. धाकटी जाऊ असलीस तरी आज तुला दोन शब्द सुनावते. महिन्यात तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा एवढंच विचारलंस, "ताई, तुम्ही परत येणार का नाही, ते एकदा सांगा." ना खुशाली, ना काही. तुझंही चूक नाही म्हणा. वैशाखात पोराचं लग्न, घरात सून येणार, आणि आमची खोली मात्र आम्ही येऊ येऊ म्हणून बंद. उशीर मीच केला. आताही आधी सगळं सांगणार आणि मग उत्तर देणार. माझी सवय तुला ठाऊक आहे.

आम्ही निघालो तेव्हा तू नवी नवरी होतीस. ट्रंक एसटीच्या टपावर चढली, स्टोव्ह गोणपाटात गुंडाळला. मी पाटा-वरवंटाही घेतला होता, तो सासूबाईंनी उतरवायला लावला. म्हणाल्या, "पाटा राहू दे. पोटासाठी चाललीस, घर करायला नाही." ह्यांना चाकणच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर काम लागलं होतं. चार-पाच वर्षं काढायची आणि परतायचं, असंच ठरलेलं.

कुरुळीत एका लाइनीत दहा खोल्या, शेवटची आमची. मालकीणबाई मूळच्या कुरुळीच्याच. खोल्यांमागे तेव्हा त्यांचा कांदा-बटाटा असायचा, आता गोडाऊन आहे. कित्येक वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी लातूरवाली, शेजारीण बीडवाली. राग यायचा नाही, कारण आम्हीही स्वतःला तेच समजत होतो. दिवाळीची सुट्टी लागली की अख्खी लाइन आपापल्या गावाला. कुलूप लावायचं, किल्ली मालकीणबाईंच्या हातात द्यायची आणि एसटी गाठायची. मागे दारं बघणं, तुळशींना पाणी घालणं त्यांच्याकडे.

आता इथल्या महिला मंडळाने रविवारी दुपारी इंग्रजीचा वर्ग काढलाय. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि इंग्रजी अक्षरं कंपनीच्या बसवरच्या पाट्यांवरून शिकले. तरी जाते. मालकीणबाईही येतात. शिकवणारी मॅडम म्हणजे वाकडला आयटीत असलेली मुलगी, स्कूटरवर येते बिचारी.

परवा तिने माणसांच्या गटांबद्दल कसं बोलायचं ते शिकवलं. आधी 'द पीपल' म्हणायचं, मग 'हू', आणि मग ती माणसं काय करतात ते. फळ्यावर लिहिलं, द पीपल हू वर्क ॲट नाईट स्लीप इन द मॉर्निंग. म्हणजे जी माणसं रात्री काम करतात, ती सकाळी झोपतात. आमची लाइनच की ती. मग प्रत्येकीने आपल्या भागातल्या माणसांवर वाक्य करायचं. एकीने केलं, जी माणसं वाकडला राहतात ती लिफ्टने घरी जातात. माझा मुलगा तिथेच अकराव्या मजल्यावर. मीही हसून घेतलं.

मी जमवून जमवून लिहिलं, जी माणसं दिवाळीला घरी जातात, ती मागे राहणाऱ्या माणसांकडे किल्ल्या देतात. मॅडमने शाबासकी दिली आणि विचारलं, काकू, तुम्ही यातल्या कुठल्या? मी पटकन म्हणाले, जाणाऱ्या.

मालकीणबाई शेजारीच होत्या. वही मिटत म्हणाल्या, "न्हाई मॅडम, खोटं सांगती ही. माजं गुडघं गेल्यापासनं समद्या लाइनीच्या किल्ल्या हिच्याकडंच ऱ्हात्यात. ही कुठं जाती?"

वर्ग हसला. मी आठवत बसले, गावी शेवटची दिवाळी कधी केली? सासूबाई गेल्या, त्याच्या आदल्या वर्षी. मग ह्यांचा ओव्हरटाइम, मग मुलाची बारावी, मग नातवंडं. ठरवून काहीच केलं नाही गं. गेल्या दिवाळीत नऊ किल्ल्या माझ्या फडताळात होत्या, वर एका भाडेकरणीची मांजर. आणि या भाडेकरूंना मी 'बाहेरची माणसं' म्हणायला लागलेय, हेही त्याच दुपारी ध्यानात आलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. रिटायर झाल्यापासून पेपर पाठ करतात. म्हणाले, "तुला आत्ता कळलं होय?" आणि पान उलटलं.

तर शकू, खोली पोराला दे. रंग काढून घे, आतलं सामान हवं ते ठेव, नको ते वाटून टाक. लग्नाला आम्ही येऊ, चार दिवस राहू, पाहुण्यांसारखं. गाव परकं झालं असं नाही. तिथे मी कुणाची कोण, हे अजून कुणाला सांगावं लागत नाही. पण घर कुठलं विचारशील, तर सुट्टी लागली तरी जिथून निघावंसं वाटत नाही, ते.

आणि लग्नाची गडबड सरली की नव्या सुनेला घेऊन इकडे ये. नाशिक फाट्याला उतरा, हे न्यायला येतील. इतक्या वर्षांत तू एकदाही आली नाहीस, कारण आम्हीच परत येणार होतो. आता तू ये, लवकर ये.